एक-चौदाचा उतारा

प्रायोजक हा शब्द मी पहिल्यांदा वाचला
जत्रेतल्या नाटकाच्या फलकावर.
प्रायोजक: अमुक तमुक हार्डवेअर, केपे.
खाली दुकानदाराचा फोटो, गॉगल लावलेला.
आता मलाही एक प्रायोजक आहे.
त्याचं ऑफिस कुठल्याशा शहरात अकराव्या मजल्यावर,
आणि तो विचारतो,
बारा महिन्यांत, आठवड्या-आठवड्याला,
मी नेमकं काय शिकणार.

मी लिहिलं: पहिले चार आठवडे, स्वागतकक्ष.
लिहिलं नाही की कोलव्याच्या हॉटेलात
दोन सीझन मी चादरींचे कोपरे असे दुमडलेत
की एका रशियन बाईने त्यांचा फोटो काढला होता.
सगळंच येत असेल तर शिकाऊ कसली?
म्हणून थोडं अज्ञान राखून ठेवलं,
चवीपुरतं.

मुलाखत रात्री साडेदहाला.
आमच्या वाड्यावर रेंज येते ती फक्त खुरसाकडे.
वितळलेल्या मेणाशेजारी बसून,
वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली चप्पल,
मी कोलोराडोतल्या मिस डॉनाशी बोलले.
मागे कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.
ती म्हणाली, तुमचा कुत्रा गोड आहे.
मी म्हटलं, थँक यू.

पैशांचं सांगत नाही.
आईच्या बचतगटातल्या बायकांना विचारा,
त्यांना आकडा पाठ आहे.

मग कागद.
तुम्ही परत याल याचा पुरावा द्या.
मडगावचा सावियो, फॉर्म भरून देणारा, म्हणाला,
"पुरावो म्हणजे प्रॉपर्टी गो. घर, भाट, कायतरी.
एक-चौदाचा उतारा घेऊन ये."

आणला.
मालकाच्या रकान्यात भाटकार.
तो वारला; नातू लिस्बनला,
एकोणीस वर्षांत फिरकला नाही,
फक्त फोन करतो, नारळ कुणी पाडले विचारायला.
आम्ही कुठल्याच रकान्यात नाही.
पप्पांची मुंडकाराची केस
मी पहिलीत होते तेव्हापासून चालू आहे.
मामलेदार सात बदलले,
पप्पांची पिशवी तीच.

जो आलाच नाही, जमीन त्याच्या नावावर.
मी येईन म्हणते
तर माझ्याकडे वेळीपांचं एक वीजबिल
आणि मागच्या दारी आईने लावलेली मिरवेल,
जिची झेरॉक्स निघत नाही.

तरी उतारा फाइलीत घातला, सगळ्यात खाली.

मुंबईत खिडकी नंबर नऊ.
काचेपलीकडचा माणूस तरुण होता, सर्दी झालेला.
फाइलीला त्याने हातसुद्धा लावला नाही.
परतल्यावर काय करणार?
सावियोने पाठ करून घेतलं होतं,
पर्यटनक्षेत्रात स्वतःचा व्यवसाय, वगैरे.
तोंडातून आलं, घरी जाणार, सर.
त्याने मान वर केली,
बराच वेळ काहीतरी टाइप केलं,
इतकं मी बोललेही नव्हते.
मग पासपोर्ट ठेवून घेतला
आणि पुढच्याला हाक मारली.

घरी कळवलं तेव्हा
आईने लोकरीच्या स्वेटरची चौकशी सुरू केली.
केप्याच्या बाजारात स्वेटर!

पप्पा काहीच बोलले नाहीत.
रात्री जेवण झाल्यावर म्हणाले,
"समिता, ते अमेरिकेचं पाकीट खंय?"
कुठलं?
"प्रायोजकाचं. कुरियरने आलेलं."
कपाटावरून काढून दिलं.
त्यांनी चष्मा लावला, दिव्याखाली धरलं.
त्यावर ठळक छापलं होतं माझं नाव
आणि त्याखाली
घर नंबर एकशे बारा, आमोणवाडा,
तालुका केपे, गोवा.

भाटकाराचं नाव कुठेच नव्हतं.

"हे मामलेदाराक दाखयतां," म्हणाले,
"गुरुवारी तारीख आहे."
आणि घडी पडू नये म्हणून
पाकीट पिशवीत उभं ठेवलं.